मागच्या गेटवरचा नकाशा

हजेरीपटावर त्यांचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते तिथेच राहिलं. नकाशा कार्यालयात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना किंचितराव म्हणत. कुणी नव्या नकाशाचा कच्चा ताव त्यांच्या टेबलावर पसरला, की ते खुर्ची सरकवून उठत, भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे जात, डोळे अर्धवट मिटत आणि म्हणत, "झकास. फक्त शीर्षक किंचित वर घ्या." शीर्षक वर गेलं की खुणांची सूची किंचित आत. सूची आत आली की प्रमाणपट्टी किंचित खाली. एवढं सगळं झालं की शीर्षक पुन्हा किंचित खाली. नवखे मनातल्या मनात हात जोडत. जुनी मंडळी वस्ताद होती. ती शीर्षक मुद्दामच खाली ठेवून आणत, म्हणजे किंचितरावांना वर घ्यायला काहीतरी मिळावं आणि बाकीचं सुटावं.

पण माणूस उगाच खुसपट काढणारा नव्हता. पट्टीने मोजलेला कागदाचा मध्य आणि डोळ्याला वाटणारा मध्य एक नसतो, डोळ्याचा मध्य जरा वरच असतो, हे त्यांना कुणी शिकवण्याआधीपासून कळत होतं. डोळे अर्धवट मिटण्यातही नाटक नव्हतं. तसं पाहिलं की अक्षरं वाचता येत नाहीत, नुसते गडद आणि फिके डाग उरतात, आणि मग कुठला डाग आधी अंगावर येतो ते समजतं. आधी सूचीची चौकट अंगावर आली, तर नकाशा फसला. "पाहुणा दारात आला आणि त्याला पहिल्यांदा केराची टोपली दिसली, तर बैठक कितीही सजवा," असं ते म्हणत. आधी मुख्य गोष्ट दिसली पाहिजे, मग तिच्या आजूबाजूचं, आणि नकाशा काढणाऱ्याचं नाव सगळ्यांत शेवटी, खाली उजव्या कोपऱ्यात, मुंगीच्या अक्षरांत.

त्यांची तरुणपणीची वर्षं काचेच्या टेबलावर गेली. खाली दिवा, वर ट्रेसिंगचा कागद, हातात शाईचा पेन आणि बाजूला चुकलेली रेघ खरवडायला अर्धं ब्लेड. नदीचं नाव नदीच्या वळणाने लिहायचं, पण वाचणाऱ्याला मान वाकडी करायला लावायची नाही. गावाचं नाव ठिपक्याच्या उजवीकडे, जागा नसेल तर डावीकडे, पण रस्त्यावर कधीच नाही. रंग कमीत कमी. आणि रिकामी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे. ती डोळ्याला टेकायला ठेवलेली जागा आहे. पुढे संगणक आले, काचेचं टेबल अडगळीत गेलं, तरी हे नियम तेच राहिले. किंचितराव पडद्यासमोरूनही उठून मागे जात आणि डोळे मिटत. नवी मंडळी हसत, पण ताव छापून आला की तोंडात बोटं घालत.

सगळ्या गोष्टींत त्यांचं किंचित इकडे, किंचित तिकडे चाले. एका गोष्टीत मात्र नाही. उत्तर वर. तिथे वाद नाही, चर्चा नाही, साहेबांचं पत्र आलं तरी नाही. उत्तर वर म्हणजे वर.

त्यांच्या बायकोला हे अजिबात पटत नसे. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि शाळेतली मुलं, मुलांचे पालक, शेजारीपाजारी सगळेच तिला बाई म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू. बाईंना दिशा कळत नसत. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मैत्रिणीकडून परत येतानाही त्या एकदा तरी चुकत, आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. सुट्टीत परगावी गेलं की किंचितराव आधी त्या शहराचा नकाशा विकत घेत आणि बाई तो त्यांच्या हातातून घेऊन गर्रकन फिरवत. ज्या दिशेला चालायचं ती दिशा त्यांना वर हवी असे.

"अगं, नकाशा फिरवायचा नसतो," किंचितराव भर रस्त्यात म्हणत.

"मग काय फिरवायचं?"

"डोकं."

"ते तुमच्याबरोबर फिरून फिरून आधीच फिरलंय," बाई म्हणत आणि नकाशा तसाच उलटा धरून चालू लागत. किंचितराव तो पुन्हा सरळ करत. कोपऱ्यावर पुन्हा उलटा. असं करत करत घड्यांच्या जागी त्याच्या चिंध्या होत.

या ओढाताणीत त्यांची एकुलती एक लेक मधे असे, दोघांची बोटं धरून. ती दिसायला बापासारखी होती आणि दिशांच्या बाबतीत आईसारखी. पण लहान मुलांना घरात कोण जिंकतं ते बरोबर कळतं. बाहेरच्या खोलीत मोठा नकाशा टांगलेला होता. संध्याकाळी बाबा तिला त्याच्यासमोर उभं करून विचारत: इथून निघालीस, नदी ओलांडलीस, आता डोंगर कुठल्या हाताला? ती डोळे घट्ट मिटून मनात काहीतरी उलटंपालटं करायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. "शाब्बास! आईवर नाही गेलीस," बाबा म्हणत. मग तिला रात्री भूक लागत नसे, इतकं पोट भरायचं. चुकली, तर ते रागावत नसत. फक्त "अगं, अगं, अगं," म्हणत. त्या तीन अगंनी तिचं तोंड एवढंसं होई. नकाशा कधी चुकत नाही, चुकतो तो आपण, हे तिच्या मनात तेव्हाच पक्कं बसलं. कुणी मुद्दाम बसवलं नाही, पण बसलं खरं.

निवृत्तीला थोडा काळ उरला असताना शहरातल्या मोठ्या इस्पितळाचं काम कार्यालयाकडे आलं. इस्पितळ वाढत वाढत इतकं पसरलं होतं की दाताचा रोगी बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन बसे. दोन गेटं होती. पुढचं दक्षिणेला, मोठ्या रस्त्यावर. मागचं उत्तरेला, रेल्वे स्टेशनच्या बाजूला. दोन्ही ठिकाणी आत शिरल्या शिरल्या दिसेल असा माणसाएवढा बोर्ड हवा होता: सगळ्या इमारती, सगळ्या वाटा आणि 'आपण येथे आहात' असा लाल ठिपका. किंचितरावांनी हे काम दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ दिलं नाही. आयुष्यभर त्यांनी जे काढलं ते पुस्तकात गेलं, नाहीतर कचेऱ्यांच्या भिंतींवर. हा नकाशा रोज हजारो माणसं पाहणार होती, आणि तीही गरज असताना.

आणि नकाशा उतरला खरोखर देखणा. इस्पितळाची बाग वायव्येला होती, म्हणजे कागदावर वर डावीकडे. त्या हिरव्या मोकळ्या जागेत शीर्षक असं बसलं, की जागा त्याच्यासाठीच सोडली होती असं वाटावं. मोठ्या गडद इमारती खाली, पायथ्याला. उजवीकडे हृदयविभागाची उंच इमारत, डावीकडे डोळ्यांची आणि दातांची जुनी बैठी इमारत, मधे वाटांचं फिकं जाळं. सूची खाली कोपऱ्यात, स्वतःहून मागे राहणारी. डोळे अर्धवट मिटले की आधी इमारती दिसत, मग वाटा, मग बाकीचं. किंचितरावांनी तो ताव घरी आणून जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले.

बाईंनी बराच वेळ पाहिलं. "छान दिसतोय हो," त्या मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी बोट ठेवलं. "आणि मागच्या गेटला?"

"मागच्या गेटला काय? हाच. फक्त लाल ठिपका वर जाईल."

"अहो, पण मागच्या गेटातून येणाऱ्याचं तोंड इकडे असणार ना? दक्षिणेला?" बाई टेबलाला वळसा घालून पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. "त्याला हृदयविभाग डाव्या हाताला आहे. आणि तुम्ही बोर्डावर दाखवणार उजवीकडे. तो उजवीकडेच जाईल की."

"बाणाने उत्तर दाखवलीय. ज्याला नकाशा वाचता येतो..."

"इस्पितळात आलेला माणूस नकाशा वाचायला येतो का?" बाई म्हणाल्या. "त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो. त्याला हात दाखवा, कुठे जायचं तो. उभा आहे तिथून समोर काय, डावीकडे काय, एवढंच."

किंचितरावांचं तिथेच बिनसलं. एकाच संस्थेचे दोन नकाशे, एकात उत्तर वर, एकात खाली? उद्या कुणी दोन्ही पाहिले तर म्हणेल काय? हे त्यांनी आवाज चढवून सांगितलं. बाईंनी पेले उचलले आणि ताव आपसूक गुंडाळला गेला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. बाईंचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, सगळे चहाला गेले असताना, त्यांनी पडद्यावर नकाशा उलटा केला. दक्षिण वर. मग अक्षरं सरळ केली आणि भिंतीपर्यंत मागे गेले. मागच्या गेटात उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने सगळं चोख होतं. डावं ते डावं, उजवं ते उजवं. पण चित्र पार बिघडलं होतं. गडद इमारती सगळ्या डोक्यावर गेल्या होत्या, बाग खाली उजव्या कोपऱ्यात जाऊन पडली होती. शीर्षकाला वर जागा उरली नव्हती. त्याला एका पट्टीत कोंबावं लागत होतं, आणि सूची ऐन मधे येत होती. त्यांनी ती किंचित इकडे नेली, किंचित तिकडे नेली. डोळे मिटले की डोक्यावर मोळी घेतलेला माणूस दिसावा तसं दिसे. मंडळी चहाहून परतण्याच्या आत त्यांनी ते सगळं पुसून टाकलं.

संध्याकाळी घरी ते म्हणाले, "करून बघितलं. नाही जमत."

"जमत नाही की शोभत नाही?" बाईंनी विचारलं.

किंचितराव हातपाय धुवायला आत गेले. बाईंनीही विषय वाढवला नाही. संसारात असे शंभर विषय वाढवायचे राहतात, आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही.

बोर्ड लागले. पुढच्या गेटपाशी छोटासा समारंभ झाला. इस्पितळाचे मुख्य डॉक्टर म्हणाले, इतका सुंदर बोर्ड आम्ही कुठल्या मोठ्या शहरातही पाहिला नाही. आणि ते खोटं नव्हतं. पुढच्या गेटातून शिरणाऱ्याचं तोंड उत्तरेलाच होतं, त्यामुळे तिथे सगळं कसं सरळ जुळत होतं. मागच्या गेटपाशी समारंभ नव्हता. तिथे दोन माणसं शिडी घेऊन आली, बोर्ड ठोकून गेली. किंचितराव तो बघायला कधी गेले नाहीत. वेळ मिळाला नाही, असं ते स्वतःलाच सांगत.

पुढे ते निवृत्त झाले. लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न करून दूरच्या शहरात गेली. विमान, मग गाडी, असा तिचा रस्ता. दर रविवारी फोन येई. आई आणि ती तासभर बोलत, आणि मग शेवटी बाबांकडे फोन येई आणि ते हवा कशी आहे ते विचारत.

बाईंचं हृदय थकलं ते हळूहळू. आधी जिने जड झाले, मग बाजार, मग नुसतं उठून बसणं. एका सकाळी त्यांना त्याच इस्पितळात, त्याच हृदयविभागात हलवावं लागलं. किंचितरावांचं घर पुढच्या गेटाच्या बाजूला होतं. ते रोज डबा घेऊन तिथून शिरत, आणि शिरताना बोर्डाकडे एक नजर टाकत. रंग टिकलाय. शीर्षक बरोबर बसलंय. बायको वर श्वास मोजतेय आणि यांना आपल्या शीर्षकाचं कौतुक! पण माणूस असाच असतो. घाबरलेला असला म्हणजे हाताशी असलेल्या एखाद्या चांगल्या गोष्टीला धरून राहतो. त्यांच्या हाताशी तो बोर्ड होता.

मग एक दिवस डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं आणि विचारलं, मुलगी कुठे असते? बोलावून घ्या.

लेक मिळेल त्या विमानाने निघाली. बाई शुद्धीवर होत्या, पण बोलणं तुटक झालं होतं. डोळे उघडले की एकच शब्द येई, "आली?" किंचितराव म्हणत, "निघालीय." पुन्हा थोड्या वेळाने, "आली?" "गाडीत बसलीय." त्या मान हलवत. लेकीला पाहायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी त्यांनी स्वतःला धरून ठेवलं होतं, हे परिचारिकेलाही दिसत होतं.

दुपारी लेकीचा फोन आला. किंचितराव वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते. आत फोन बंद ठेवावा लागे.

"बाबा, स्टेशनवर उतरले. मागच्या गेटने येतेय. आई...?"

"आहे. वाट बघतेय. मी खाली येऊ का?"

"नको, तुम्ही आईपाशी थांबा. मी येते. कुठे यायचं?"

"हृदयविभाग, दुसरा मजला. गेटातून आत आलं की माझा बोर्ड आहे. तो बघ आणि तडक ये. कुणाला विचारत बसू नकोस, लोक काहीही सांगतात."

"बरं," ती म्हणाली.

फोन बंद करून ते आत आले. बाईंनी डोळे उघडले.

"आली?"

"आली! गेटपाशी आली. आता येईलच."

बाईंनी दाराकडे मान वळवली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आल्यासारखा वाटला. मग काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी हळूच विचारलं, "कुठल्या?"

"काय कुठल्या?"

"गेटपाशी."

"मागच्या."

बाईंनी दारावरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "तुम्ही जा," त्या म्हणाल्या. "घेऊन या तिला."

"अगं, बोर्ड आहे ना तिथे. येईल ती."

बाई पुढे काही बोलल्या नाहीत. बोलायला तेवढा श्वास नव्हता, की आता सांगून उपयोग नाही असं वाटलं, ते कळायला मार्ग नाही. त्यांनी पुन्हा दाराकडे मान वळवली. किंचितराव त्यांचा हात धरून बसले आणि तेही दाराकडे बघत राहिले. येणाऱ्या प्रत्येक पावलाला ते "ही आलीच" म्हणत. एकदा गोळ्यांची गाडी आली. एकदा शेजारच्या रोग्याचा मेहुणा आला. त्यांनी उठून जायला हवं होतं, आणि ते बसून राहिले. हातातला हात केव्हा नुसता हात झाला ते त्यांना समजलं नाही, परिचारिकेने येऊन सांगितलं.

लेक धापा टाकत दारात आली तेव्हा परिचारिका पडदा ओढत होती.

ती बोर्डासमोर क्षणभरच थांबली होती. बोर्डावर हृदयविभाग उजवीकडे होता. ती उजवीकडे वळली आणि बॅग घेऊन बागेच्या कडेने पळत सुटली. ती वाट लांबलचक होती. टोकाला एक जुनी बैठी इमारत आली. दुसरा मजलाच नाही म्हटल्यावर ती गांगरली, तरी आत शिरली, एक बोळ, दुसरा बोळ, आणि एका दारावर दातांचं चित्र दिसलं. तिथे बसलेली परिचारिका म्हणाली, "हृदयविभाग? तो पार त्या टोकाला. तुम्ही उलट्या आलात." मग तेवढंच सगळं अंतर परत, गेटपाशी, आणि तिथून पुन्हा तेवढंच पुढे.

नंतरच्या दिवसांत घरी भेटायला माणसं येत. लेक सगळ्यांना तेच सांगे. आत्येला सांगितलं, बाईंच्या शाळेतल्या मैत्रिणींना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. "मीच चुकले. डावीकडे जायचं तर उजवीकडे वळले. आई थांबली होती माझ्यासाठी."

"कुणाला तरी विचारायचंस गं," आत्या म्हणाली.

"गेटवरचा माणूस विचारत होता कुठे जायचंय म्हणून. मी थांबलेच नाही. बाबांचा नकाशा होता, मग विचारायचं कशाला?"

किंचितराव पलीकडच्या खुर्चीत मूग गिळून बसले होते. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते. पण खोलीत माणसं होती. माणसं गेली तेव्हा लेक झोपली होती. ती उठली तेव्हा पुन्हा माणसं आली. ज्याला बोलायचं नसतं त्याला कारणं कमी पडत नाहीत.

एका सकाळी ते कुणाला न सांगता मागच्या गेटला गेले. बोर्ड लागल्यापासून पहिल्यांदाच. गेटातून आत शिरले आणि बोर्डासमोर उभे राहिले. बोर्ड नवा असल्यासारखा लखलखत होता. स्टेशनकडून आलेली माणसं त्यांच्या बाजूला थांबत, बोट फिरवत आणि उजवीकडे चालू लागत. गेटवरचा माणूस स्टुलावरून न उठता ओरडे, "अहो, उलटं! डावीकडे, डावीकडे!" इतक्या सवयीने ओरडे, की दुसऱ्याशी बोलता बोलता मधेच ओरडून पुन्हा बोलू लागे. बहुतेक माणसं वळत. घाईत असलेल्यांना ऐकू जात नसे. किंचितराव भिंतीला पाठ टेकेपर्यंत मागे गेले, पण डोळे काही मिटले नाहीत. खाली उजव्या कोपऱ्यातलं मुंगीच्या अक्षरांतलं नाव त्यांना तेवढ्या लांबूनही वाचता आलं. तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, त्यांना रडू फुटलं. इस्पितळात रडणाऱ्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही, ते एक बरं असतं.

घरी येऊन त्यांनी माळ्यावरून नकाशे काढायची जुनी फळी आणि पेन काढले आणि कामाला बसले. दक्षिण वर. इमारती डोक्यावर आल्या तर येऊ देत. शीर्षक एका पट्टीत कोंबलं. सूची काढूनच टाकली आणि इमारतींवरच ठळक अक्षरांत लिहिलं: हृदय, डोळे, दात, बाळंतीण. लाल ठिपका खाली, बघणाऱ्याच्या पायाशी. त्यातून डावीकडे एक जाड बाण. लेक येताजाता पाहत होती आणि काही विचारत नव्हती. तिला वाटलं, बाबांना हातात काहीतरी हवंय.

ती परत जायच्या सकाळी त्यांनी तिला टेबलापाशी बोलावलं. बॅगा दारात होत्या. गाडी यायची होती.

"हा बघ," ते म्हणाले. "मागच्या गेटचा. इस्पितळात देणार आहे. म्हणावं तो काढा आणि हा लावा."

तिने पाहिलं. "असा का काढलात?" ती हळूच म्हणाली. "आधीचा किती छान होता."

"छान होता, पण चुकीचा होता. मागच्या गेटातून येणाऱ्याला तो उलटा पडतो. तुझ्या आईने मला तेव्हाच सांगितलं होतं, इथे, याच टेबलापाशी. मी उलटा करूनही पाहिला होता. चांगला दिसेना, म्हणून टाकून दिला." त्यांनी जाड बाणावर बोट ठेवलं. "मला ठाऊक होतं, बाळा. ठाऊक असून लावला. तू चुकली नाहीस. तुला मी चुकवलं."

लेकीने जवळ येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बाबा, माझ्यासाठी स्वतःच्या नकाशाला नावं ठेवू नका," ती म्हणाली. "मी पाहिलाय ना तो. उत्तरेचा बाण होता त्यावर. सगळं बरोबर होतं. मीच उलटी उभी होते."

"अगं, माणूस उलटा उभा नसतो!" किंचितराव जवळजवळ ओरडलेच. "तो जिथे उभा असेल तिथे बरोबरच असतो. नकाशाने त्याच्याकडे तोंड करायचं असतं. मी केलं नाही."

"असू दे," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ते बापाच्या प्रेमाने भरले होते. आपली समजूत घालण्यासाठी या माणसाने आपला सगळ्यांत लाडका नकाशा मोडीत काढला, असं तिला वाटत होतं. ते त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि तिचं ते वाटणं पुसायला त्यांच्यापाशी काहीच नव्हतं. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

इस्पितळाने नवा नकाशा लावला. कुरूपच दिसतो तो, कुणी त्याची तारीफ करत नाही, आणि स्टेशनकडून आलेली माणसं त्याच्यासमोर क्षणभर थांबून डावीकडे चालू लागतात.

लेकीचा फोन आजही दर रविवारी येतो. आता तासभर तो किंचितरावांच्याच वाट्याला असतो. औषधं, जेवण, गुडघे, हवा. आणि सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवण्याआधी, ती कधीतरी म्हणतेच, "त्या दिवशी मी डावीकडे वळले असते तर, बाबा."

"ती चूक माझी होती," किंचितराव म्हणतात. दर वेळी म्हणतात. दर वेळी आधीपेक्षा स्पष्ट म्हणतात.

"हो बाबा, हो," ती म्हणते, हट्टाला पेटलेल्या लहान मुलाला समजावतात तशा आवाजात.